खर्ड्याचे आजोबा

भाद्रपद वद्य चतुर्दशी आमच्या घरीं एका निराळ्याच कारणानें पाळली जाते. इतर पितरांचीं श्राद्धें ज्या त्या तिथीस होतात. परंतु चतुर्दशीस ओसरीवर एक पान अधिक मांडण्यांत येतें, त्या पानाशेजारीं भिजविलेल्या हरभऱ्यांची वाटी ठेवितात, आणि घरांतील लहान पोरहि सांगूं शकतें कीं, पान खर्ड्याच्या आजोबांचें व हरभरे त्यांच्या घोड्याचे. हे आजोबा म्हणजे मोजूं गेल्यास आमच्यापासून सातवे पुरुष. धर्मशास्त्रानें पिंडाचा अधिकार तीन पिढ्यांपुरताच सांगितला आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. परंतु शस्त्रानें मृत्यु आलेल्यांसाठीं याज्ञवल्क्यानें चतुर्दशी राखून ठेविली आहे, आणि आमचे हे पूर्वज इ. स. १७९५ त खर्ड्याच्या रणांगणावर निजामाच्या फौजेशीं लढतां लढतां पडले अशी घराण्याची समजूत असल्यामुळें, कुलाचार म्हणून तें पान आजवर चालत आलें. पिंडाचा प्रश्न कोणी काढला नाहीं, व पान कोणीं बंद केलें नाहीं.

आमचें गांव जामखेड तालुक्यांत, बालाघाटाच्या कडेला. सकाळीं न्याहारी करून निघालेला माणूस दोन प्रहरीं खर्ड्याच्या किल्ल्याखालीं पायीं पोंचतो, इतकें तें जवळ. आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंत; संस्कृत मात्र प्रथम आजोबांपाशीं व मग एका पाठशाळेंत नेमानें झालें, आणि त्याच भांडवलावर आम्हीं पस्तीस वर्षें मास्तरकी केली. घर अद्याप एकत्र आहे. थोरले बंधु अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांना सारे दादा म्हणतात. त्यांचा मुलगा सैन्यांत गेला, तोहि घोडदळांतच. म्हणजे हल्लींच्या अर्थानें घोडदळांत, कारण आतां घोडे जाऊन रणगाडे आले आहेत. नगरास चिलखती दलाचें मोठें केंद्र व शाळा आहे (शहराचें व जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, परंतु जिभेवरचें नगर इतक्यांत जाईल असें वाटत नाहीं), आणि रणगाड्यांचें जें संग्रहालय १९९४ सालीं तेथें उघडलें, तें पाहावयास दादा आम्हां सर्वांना घेऊन गेले होते. पुण्याच्या घोडदळ पलटणीचा, म्हणजे पूना हॉर्सचा, १९६५ व १९७१ चा पराक्रम तेथें वाचतांना दादांनीं मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलें, “आपल्या घरचा एक माणूस दोनशें वर्षांपूर्वीं असाच पडला आहे, हें विसरूं नको.” तो मुलगा पुढें पंचवीस वर्षें नोकरी करून निवृत्त झाला. तें वाक्य तो विसरला नसावा.

हें सारें सांगण्याचें कारण असें कीं, तें वाक्य खोटें असल्याचा पुरावा गेल्या वर्षीं आमच्याच हातीं लागला.

माळ्यावर कागदपत्रांचे दोन रुमाल आहेत. त्यांतील बहुतेक कागद शेतसाऱ्याचे व देण्याघेण्याचे. एक मात्र पागेच्या हजिरीच्या यादीचें सुटें पान. तें आमच्या वाड्यांत कसें आलें, हें कळत नाहीं. आमच्या आजोबांनीं, म्हणजे वडिलांच्या वडिलांनीं, या पानांतील आमच्या पूर्वजापुढची नोंद बालबोध अक्षरांत उतरून ती देवघरांतल्या पोथ्यांच्या फळीवर एका वहींत ठेविली होती. वहींतील नोंद अशी: ‘खर्ड्याचे मोहिमेंत कामास आला.’ ‘कामास येणें’ म्हणजे रणांत पडणें, हें जुनें मराठी वाचणारास सांगावयास नको. हीच नोंद आमच्या चतुर्दशीच्या पानाचा आधार.

निवृत्तीनंतर वेळ मोकळा होता म्हणून आम्हीं रुमाल सोडून मूळ पान काढलें. हेतु संशोधनाचा नव्हता. मोडी वाचण्याची संवय मोडूं नये एवढाच होता. परंतु पानाच्या माथ्यावरची तिथी वाचतांच आम्ही थबकलों. तिथी माघ वद्य पक्षांतली, शके १७१६. खर्ड्याची लढाई झाली ती ११ मार्च १७९५ रोजीं, म्हणजे त्याच शकाच्या फाल्गुन वद्य पक्षांत, रंगपंचमीच्या सुमारास. फाल्गुनांत पडलेला मनुष्य माघांतल्या यादींत मेलेला कसा दिसावा? आम्हीं भिंग आणलें. नोंदींत ‘खर्डें’ हा शब्दच नाहीं. पानास उभी घडी पडून गेली आहे, ती त्या ओळीवरूनच जाते, आणि घडीच्या आंत अर्धवट झिजलेलें एक अक्षर आहे. पूर्ण नोंद अशी लागली: ‘मोहिमेचे कामास न आला. घोडें पागेंत आहे. जामीन बंधु.’

एक ‘न’. त्या एका अक्षरानें रणांत पडलेला मनुष्य गैरहजर झाला. त्याबरोबर आणखीहि एक गोष्ट गेली. आमच्या घरीं त्यांना नेहमीं शिलेदार म्हणत. परंतु घोडें पागेंत राहिलें, म्हणजे तें पागेचें होतें, त्यांचें नव्हतें. शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस येतो. धन्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. तेव्हां दिवेलागणीच्या आंत आमचे आजोबा प्रथम शिलेदाराचे बारगीर झाले, आणि मग वीराचे फरारी. त्या रात्रीं आम्हीं कोणासहि कांहीं बोललों नाहीं. कुटुंबानें विचारलें तेव्हां डोळे दुखतात म्हणून सांगितलें, आणि तें खोटेंहि नव्हतें.

पुढचे आठ महिने आम्ही एकाच प्रश्नाच्या पाठीस लागलों. मराठ्यांच्या घोडदळांतून माणसें पळत किती, आणि कां? पुण्यास जाऊन भारत इतिहास संशोधक मंडळांत बसलों, पेशवे दप्तराचे सरदेसायांनीं निवडलेले पंचेचाळीस खंड चाळले, सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील १९२८ चा ग्रंथ वाचला. परंतु सर्वांत अधिक रमलों तें वासुदेवशास्त्री खऱ्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहांत. खरेशास्त्री मिरजेस शाळेंत संस्कृत शिकवीत, आणि शाळा सांभाळून त्यांनीं पटवर्धनांचें दप्तर खंडामागून खंड छापून काढलें. आम्हीं त्याच विषयाची तितकींच वर्षें मास्तरकी करून मागें काय ठेविलें, तर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. असो.

वाचतां वाचतां जें उमगलें तें थोडक्यांत सांगतों. शिवछत्रपतींच्या वेळीं पागेची रचना सभासदानें दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, त्यांच्यामागें एक पखालजी व एक नालबंद, पांच हवाल्यांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. नवा मनुष्य चाकरीस ठेवतांना जुन्यापैकीं कोणी तरी जामीन राहावा लागे. म्हणजे पळून जाणारा एकटा पळत नसे. जामीन राहिलेल्याची मान तो अडकवून जाई. मोगलांनीं याच दुखण्यावर दुसरा उपाय केला होता: घोड्यास डाग देणें व स्वाराचा चेहरा लिहून ठेवणें. आमच्या पानांत मात्र घोड्यांचे चेहरे आहेत, माणसांचे नाहींत. कोणतें घोडें कुमाईत, कोणतें अबलख, कोणाच्या कपाळावर टिकला, हें सारें बारकाईनें लिहिलें आहे; माणसाचें मात्र नुसतें नांव. यास हंसण्याचें कारण नाहीं. माणूस गेला तर दुसरा मिळे. घोडें गेलें तर सरकारचे रुपये गेले.

शिलेदाराची गोष्ट याहून निराळी. त्याचें घोडें हेंच त्याचें शेत, हेंच त्याचें घर. तें रणांत पडलें तर भरपाई मिळेल कीं नाहीं याची खात्री नसे, आणि पगार वर्षानुवर्षें तुंबलेला असे. अशा माणसानें तोफेच्या तोंडीं घोडें घालतांना हात आंखडला, किंवा छावणी कंटाळवाणी होतांच आपलें घोडें हांकीत घरची वाट धरली, तर त्यांत भित्रेपणा किती व हिशेब किती, हें ठरविणें कठीण. पुढें इंग्रजांनींहि हीच शिलेदारी पद्धत उचलली. आमच्या जिल्ह्याच्या शिवेवर, घोडनदीच्या कांठीं शिरूरास, १८१७ पासून जें पुण्याचें घोडदळ उभें राहिलें, तें शिलेदारीच होतें. त्यांनीं एक गांठ मात्र पक्की मारली. स्वारानें घोड्याची व सामानाची किंमत पलटणींत ठेवावयाची. तिला असामी म्हणत. नोकरी नीट पुरी केली तर असामी परत, पळाला तर बुडाली. जुन्या जामिनाच्या जागीं रोकड जामीन आला. पहिल्या महायुद्धानंतर ही पद्धत बंद झाली.

आणि तिसरी गोष्ट ऋतूची. आमची मोहीम दसऱ्यास शीव ओलांडून निघे व मृगाच्या आंत परत येई, हें शाळेंत प्रत्येक मूल पाठ करतें. परंतु कोंकणपट्टीस किंवा मावळास जें पंचांग सोयीचें, तें बालाघाटावर तितकें सोयीचें नाहीं. आमचा मुलूख रब्बीचा. हस्ताच्या पावसावर पेरलेला शाळू माघ-फाल्गुनांत काढणीस येतो. म्हणजे ज्या दिवसांत सरदारांच्या फौजा खर्ड्याच्या रोखानें गोळा होत होत्या, त्याच दिवसांत आमच्या गांवचीं शेतें उभीं होतीं, आणि लष्कराचे हजारों घोडे व बैल त्याच रस्त्यानें येणार होते. लष्कर स्वकीयांचें असो वा परकीयांचें, उभ्या शाळवाला दोन्ही सारखेंच.

हें सर्व आम्ही एकटेच करीत होतों, असें नाहीं. आमची नात पुण्यास संख्याशास्त्र शिकते. सुटींत आली ती आमच्या टिपणांच्या वह्या पाहून म्हणाली, “आजोबा, किती टक्के पळाले तें सांगा. बाकी सगळ्या गोष्टी झाल्या.” आम्हीं तिला समजावून सांगितलें कीं, मराठ्यांच्या हजिऱ्या पगारासाठीं लिहिल्या जात, त्यांत हजर दाखविलेला मनुष्य पुष्कळदां घरीं असे, आणि त्याचा पगार सरदाराच्या खिशांत. खोट्या हजेरीच्या देशांत पळालेल्यांचा शेंकडा काढणें म्हणजे उंदरांनीं कुरतडलेल्या पोत्यावरून पीक मोजणें. ती उगी राहिली नाहीं. दोन दिवसांनीं तिनें अमेरिकेच्या सैन्याचे आंकडे पुढें ठेविले, आणि ते पाहून आम्ही चकित झालों हें कबूल केलें पाहिजे.

अमेरिकेंत यादवी युद्ध संपल्यावर पश्चिमेच्या सरहद्दीवर घोडदळाच्या पलटणी ठेविल्या होत्या. तेथें प्रत्येक शिपायाचा पांच वर्षांचा लेखी करार, आणि प्रत्येकाची स्वतंत्र नोंद. १८६७ पासून १८९१ पर्यंत जे भरती झाले, त्यांपैकीं सुमारें एक तृतीयांश पळून गेले! १८७१ सालीं शिपायाचा पगार महिना सोळा डॉलरांवरून तेरांवर आणतांच त्या एका वर्षांत शेंकडा बत्तिसांच्या आसपास माणसें गेलीं. हिंवाळ्यांत पोटासाठीं भरती व्हावें, आणि बर्फ वितळून खाणींचीं व आगगाडीचीं कामें सुरू होतांच निघून जावें, असेहि पुष्कळ असत. कस्टर नांवाच्या सेनापतीनें १८६७ त पळणाऱ्यांवर गोळ्या झाडण्याचा हुकूम दिला. त्याबद्दल व इतर अपराधांबद्दल त्याचीच चौकशी होऊन त्यास एक वर्ष कामावरून दूर ठेविलें. गंमत पुढेंच आहे. कृष्णवर्णी शिपायांच्या ज्या दोन घोडदळ पलटणी होत्या, नववी व दहावी, त्यांतून पळणाऱ्यांचें प्रमाण फार थोडें. पगार तोच, ऊन-थंडी तीच. घोडे व सामान पुष्कळदां अधिक वाईट. तरी ते टिकले. नातीनें विचारलें, “कां?” आम्हीं म्हटलें, कालपरवांपर्यंत गुलाम असलेल्या माणसास तो गणवेश म्हणजे माणूसपणाचा दाखला होता, आणि तो उतरवून जाण्यास त्यास दुसरी जागाहि नव्हती. तिनें पहिलें कारण वहींत लिहून घेतलें. दुसरें लिहिलें नाहीं. आमच्या मतें दोन्ही लिहावयास हवीं होतीं.

संस्कृत शिकलेल्या माणसाची खोड अशी कीं, अमेरिकेंतून फिरून तो पुन्हां कौटिल्यापाशीं येतो. अर्थशास्त्राची पोथी म्हैसुरास १९०५ मध्यें शामशास्त्र्यांच्या हातीं आली व १९०९ त छापली गेली. त्याच्या आठव्या अधिकरणांत सैन्याच्या व्यसनांची, म्हणजे सैन्य कशाकशानें बिघडतें याची, एक लांबलचक यादी आहे. अमानित, विमानित, अभृत, दूरायात, परिश्रान्त, आशानिर्वेदी, कलत्रगर्भी. ज्यास मान दिला नाहीं तें, ज्याचा अपमान केला तें, ज्यास वेतन दिलें नाहीं तें, दुरून आलेलें, थकलेलें, आशा सोडलेलें, आणि ज्याच्या पोटांत बायकामुलें अडकलीं आहेत तें. यांत भित्रें सैन्य असा वर्ग आम्हांस दिसला नाहीं. शिवाय कौटिल्य दोघांदोघांची तुलना करून निकाल देतो: अमानित सैन्य मान देतांच लढेल, विमानित मनांत सल धरून बसेल, अभृत सैन्य वेतन हातीं पडतांच लढेल. मनु मात्र सातव्या अध्यायांत सरळ सांगतो कीं, पाठ दाखवून पळणारा मारला गेला तर धन्याचें सारें पाप त्याच्या माथीं बसतें व त्याचें पुण्य धन्याकडे जातें. शाळेंत आम्हीं मनूचें हें मत पुष्कळ वेळां मुलांना ऐकविलें. कौटिल्याची यादी एकदांहि सांगितली नाहीं.

खर्ड्याच्या लढाईचीहि या निमित्तानें पुन्हां ओळख झाली. सवाई माधवराव पेशवे वीस वर्षांचे. नाना फडणीस बरोबर. शिंदे, होळकर, भोसले, सारे एका झेंड्याखालीं आले तो हा शेवटचाच प्रसंग. लढाई दिवसा झाली ती थोडी. खरी दाणादाण रात्रीं उडाली. पाणी शोधीत आलेल्या एका मराठी टोळीवर मोगलांच्या पहाऱ्यानें गोळ्या झाडल्या, त्या आवाजानें सारी छावणी बिथरली, निजामअली किल्ल्यांत शिरला, आणि त्याच्याच लोकांनीं अंधारांत आपल्याच छावणीचें सामान लुटून वाट धरली. दोन्ही बाजूंचे मेलेले फार नव्हते. इतक्या सहज मिळालेल्या विजयाची फुशारकी पाहून तरुण पेशव्यांस खेद झाला, असें ग्रँट डफनें लिहून ठेविलें आहे. आमच्याच जिल्ह्यांत याच्या पावणेदोनशें वर्षें आधीं, १६२४ त, भातवडीस असाच प्रकार झाला होता: मलिक अंबरानें तलावाचा बांध फोडून आदिलशाही व मोगली फौजा चिखलांत अडकविल्या, आणि उपासमारीनें गांजलेले शिपाई उठून अंबरास जाऊन मिळूं लागले. या जिल्ह्यांतील दोन मोठ्या लढाया पुष्कळशा निघून गेलेल्यांनीं ठरविल्या, हें आम्हीं पस्तीस वर्षें इतिहास शिकवून एकदांहि वर्गांत सांगितलें नाहीं.

परंतु हें सारें वाचून झालें तरी दादांना सांगावयाचें राहिलेंच होतें. सांगावें कीं न सांगावें, यावर आम्हीं दोन महिने काढले. कारण याहून एक अवघड गोष्ट मनांत घर करून बसली होती. आमचे आजोबा मोडी वाचनांत पंचक्रोशींत नांवाजलेले. कोर्टांतले वकील त्यांच्याकडे कागद घेऊन येत. माथ्यावरची तिथी त्यांना दिसली नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. वहींत त्यांनीं तिथी उतरली नाहीं, घोड्याचें व जामिनाचें वाक्य उतरलें नाहीं, आणि मुळांत नसलेला ‘खर्डें’ शब्द घातला. एक अक्षर घडींत हरवूं शकतें. चार गोष्टी एकदम हरवत नाहींत. ज्यांनीं आम्हांस पहिलें ‘सत्यं वद’ शिकविलें, त्यांच्या अक्षरांतली ही वही हातांत घेऊन आम्ही कितीदां तरी बसलों.

अखेर श्रावणांत एके दिवशीं दुपारीं जेवणानंतर सांगितलें. दादांनीं पान भिंगाखालीं धरलें, पुष्कळ वेळ पाहिलें, आणि म्हणाले, “म्हणजे दोनशें वर्षें आम्हीं पळपुट्याला पान वाढलें काय रे, नाना?” आम्हीं उत्तर दिलें नाहीं. मग हळूच म्हणाले, “पोराला मी काय सांगितलं होतं तिथं, रणगाड्यांपाशीं.” त्यांचा आवाज असा आम्हीं वडील गेले त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. चार दिवस ते आमच्याशीं कामापुरतें बोलले. पांचव्या दिवशीं स्वतःच मुलाला बोलावून घेतलें, आणि पान त्याच्या पुढ्यांत ठेवून म्हणाले, “तूं वाच. मी तुला चुकीचं सांगितलं.”

पुतण्यास मोडी येत नाहीं. आम्हीं वाचून दाखविलें. त्यानें ऐकून घेऊन पहिला प्रश्न केला तो असा: “नानाकाका, घोडं पागेंतच होतं ना? आणि खोगीर?” खोगिराचा उल्लेख नाहीं, असें आम्हीं सांगितलें. तेव्हां त्यानें जें सांगितलें तें आमच्या आठ महिन्यांच्या वाचनांत कोठेंच नव्हतें. हल्लींच्या सैन्याच्या १९५० च्या कायद्यांत पळून जाणें हा एक अपराध आहे आणि परवानगीवांचून गैरहजर राहणें हा दुसरा. कलम अडतीस आणि कलम एकोणचाळीस. युद्धाच्या वेळीं पहिल्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊं शकते, दुसऱ्याची फार झाली तर तीन वर्षें. दोहोंतला फरक दिवसांचा नसून मनांतल्या हेतूचा: परत यावयाचें होतें कीं नव्हतें. तीस दिवस माणूस आला नाहीं कीं चौकशी बसते, आणि त्या चौकशींत गैरहजेरीबरोबर दुसरी एकच गोष्ट पाहतात: सरकारी सामानांतलें काय कमी झालें. “तुमच्या त्या कारकुनानं हेंच लिहिलंय,” तो म्हणाला, “आला नाहीं, आणि सामान जागेवर आहे. मी अशा चौकशींत बसलों आहें. राहुटींतलं सगळं जागच्या जागीं ठेवून गेलेला पोरगा बहुधा घरच्या तारेनं गेलेला असतो.”

घरची तार! आम्हांस एकदम दुसरा रुमाल आठवला. त्यांतील शेताच्या हिशेबाचे कागद आम्हीं आधीं वाचले होते, परंतु हजिरीच्या पानाशीं ताडून पाहिले नव्हते. काढून पाहिले. पौषापर्यंतचे हिशेब एका हातचे आहेत. अक्षर उभट, थोरल्या भावाची सही. माघापासून तें अक्षर पुन्हां कोठेंहि नाहीं. फाल्गुनांतल्या खळ्याचा हिशेब निराळ्या, नवशिक्या हातचा, आणि खालीं आमच्या पूर्वजांचें नांव. जामीन बंधु पौष-माघांत केव्हां तरी गेला असावा. शाळू उभा, घरांत बायका व मुलें, लष्कर येऊं घातलेलें. ज्याची मान अडकावयाची तो जामीनच उरला नव्हता. याहून अधिक कागद सांगत नाहींत, आणि आम्हींहि सांगूं नये. पुढें तेंच नवशिकें अक्षर आठ-नऊ वर्षें दिसतें व बरेंच सुधारतें. १८०३-०४ चा जो दारुण दुष्काळ या मुलुखांत पडला, होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या धामधुमीनें आणि पावसाच्या ओढीनें, त्या वर्षापर्यंत तें येऊन थांबतें. त्यानंतर कागदच नाहींत.

आतां राहिला प्रश्न पानाचा. दादांनीं आम्हांस शास्त्र विचारलें. शस्त्रानें मृत्यु नसेल तर चतुर्दशी चालत नाहीं. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल त्याचें सर्वपित्री अमावास्येस, म्हणजे दुसऱ्याच दिवशीं. वहिनी सोवळ्यांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “मग एवढ्यासाठीं चार दिवस अबोला धरलात होय? एक दिवस पुढें.”

त्या वर्षीं चतुर्दशीस ओसरी मोकळी राहिली. मुलांना चुकल्यासारखें झालें, कारण हरभरे शेवटीं त्यांच्याच वांट्यास येत. अमावास्येस इतर पितरांच्या पानांच्या ओळींतच खर्ड्याच्या आजोबांचें पान मांडलें. वहिनींनीं हरभरे भिजवूं कीं नको असें विचारलें, कारण घोडें तर त्यांच्याबरोबर आलेंच नव्हतें. दादा थोडे थांबले आणि म्हणाले, “भिजवा. पागेंत राहिलं म्हणून उपाशी कां राहावं?”

दुपारीं त्यांनीं देवघरांतली वही मागून घेतली. आम्ही आजोबांच्या ओळींत ‘न’ घालणार, असें वाटून ते घाईनें म्हणाले, “त्यांच्या अक्षरांत हात घालूं नको.” आम्हीं त्या ओळीखालीं आपल्या अक्षरांत मूळ नोंद जशीच्या तशी उतरली: माथ्यावरची तिथी, कामास न आला, घोडें पागेंत आहे, जामीन बंधु. खालीं आम्हीं सही केली. मग दादांनीं केली, आणि वही पुन्हां फळीवर ठेविली.